सूत्राआधी नाणे

साधे नाणे दहा वेळा उडवले, तर बरोबर पाच वेळा छापा पडण्याची शक्यता किती?

बारावीच्या वर्गात हा प्रश्न विचारला, की दोन प्रकारची उत्तरे येतात. काही विद्यार्थी म्हणतात, "छापा पडण्याची शक्यता निम्मी, म्हणजे दहांत पाच छापे पडायलाच हवेत." दुसरे विद्यार्थी वही उघडतात, द्विपद वितरणाचे सूत्र शोधतात, त्यात किमती घालतात आणि २५२/१०२४ हे उत्तर काढून दाखवतात. उत्तर अगदी बरोबर आहे. पण त्यांना विचारा, "हे २५२ म्हणजे कशाचे २५२? आणि १०२४ कोण?" यावर वर्ग गप्प बसतो. गुण मिळाले, पण जे मोजले ते काय होते हे कळलेच नाही.

माझे मत स्पष्ट आहे. दहावीच्या गणितात संभाव्यतेचे प्रकरण येते आणि बारावीत द्विपद वितरणाचे सूत्र येते. या दोहोंच्या मध्ये हातात नाणे घेऊन आणि बोटांवर मोजून घालवलेल्या दोन-चार तासिका हव्यात. त्या तासिका झाल्या नाहीत, तर सूत्र पाठ होईल, पण समजणार नाही. आणि ते न समजल्याची किंमत परीक्षेच्या बाहेर मोजावी लागते. ती कशी, हे पुढे सांगतो.

प्रथम दोन नाणी घेऊ. छाप्यांची संख्या शून्य, एक किंवा दोन असू शकते. तेव्हा प्रत्येकीची शक्यता १/३, असे पुष्कळांना वाटते. विद्यार्थी मित्रांनो, असे वाटले तर लाजू नका. अठराव्या शतकातील मोठे फ्रेंच गणिती दालाम्बेर हेही असल्याच वाटेने गेले होते. दोन फेकींत निदान एकदा छापा पडण्याची शक्यता किती, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. पहिल्याच फेकीत छापा पडला तर खेळ संपला; म्हणून छापा, काटा-छापा आणि काटा-काटा अशा तीनच शक्यता, त्यांपैकी दोन अनुकूल, सबब उत्तर २/३, असे त्यांनी १७५४ साली फ्रेंच विश्वकोशात लिहिले. खरे उत्तर ३/४ आहे. तीन शक्यता आहेत हे खरे, पण त्या समान वजनाच्या नाहीत. एक रुपयाचे एक आणि दोन रुपयांचे एक अशी दोन वेगळी नाणी घेतली, की घोटाळा मिटतो. रुपयावर छापा आणि दोन रुपयांवर काटा ही एक गोष्ट, आणि याच्या उलट ही दुसरी गोष्ट. एकूण चार प्रकार. त्यांत दोन छाप्यांचा एक, एका छाप्याचे दोन आणि छापा नसलेला एक. म्हणजे १, २, १.

आता तीन नाणी. येथे मला मराठीच्या तासाची आठवण करून द्यायची आहे. वृत्ते शिकताना तुम्ही आठ गण पाठ केले असतील: य, म, त, र, ज, भ, न, स. गण आठच का? सात किंवा नऊ का नाहीत? कारण प्रत्येक गणात तीन अक्षरे असतात आणि प्रत्येक अक्षर एकतर लघु, नाहीतर गुरू. दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे आठ. गुरूच्या जागी छापा आणि लघूच्या जागी काटा म्हणा, की आठ गण म्हणजेच तीन नाण्यांचे आठ प्रकार! आता ते मोजून पाहा. तीनही अक्षरे गुरू असा गण एकच, म. दोन गुरू असलेले तीन, य, र आणि त. एकच गुरू असलेले तीन, ज, भ आणि स. एकही गुरू नसलेला एक, न. तेव्हा १, ३, ३, १. म्हणून तीन नाण्यांत बरोबर दोन छापे पडण्याची शक्यता ३/८. मराठीचे शिक्षक फळ्यावर गण लिहितात, पुढच्या तासाला गणिताचे शिक्षक त्याच फळ्यावर तीन नाण्यांचे प्रकार लिहितात, आणि दोन्ही गोष्टी एकच आहेत हे कोणी कोणाला सांगत नाही. याचे मला फार नवल वाटते.

हे नाते माझ्या कल्पनेतून निघालेले नाही. आपल्याकडे या मोजणीचा उगमच छंदःशास्त्रात आहे. पिंगलाच्या छंदःसूत्रांवर टीका लिहिताना दहाव्या शतकात हलायुधाने संख्यांची एक उतरंड वर्णिली. वर एक घर, त्याखाली दोन, त्याखाली तीन, असा पर्वतासारखा आकार, म्हणून तिचे नाव मेरुप्रस्तार. प्रत्येक ओळीच्या दोन्ही टोकांना १ लिहायचा आणि मधल्या प्रत्येक घरात वरच्या दोन घरांची बेरीज मांडायची. पुढे सतराव्या शतकात पास्कलने याच त्रिकोणावर ग्रंथ लिहिला, आणि आज पुस्तकांत तो त्याच्या नावाने येतो. पहिले कोण, या वादात मला रस नाही. बेरीज का करायची हे कळणे अधिक महत्त्वाचे. समजा, सहा फेकींत दोन छापे हवे आहेत. शेवटची फेक पाहा. ती छापा असेल, तर आधीच्या पाच फेकींत एकच छापा पडलेला असला पाहिजे. असे ५ प्रकार. ती काटा असेल, तर आधीच्या पाचांतच दोन छापे पडून गेलेले असले पाहिजेत. असे १० प्रकार. मिळून १५. बस, सगळा मेरू एवढ्यावर उभा आहे. दहाव्या ओळीपर्यंत तो चढवत नेला, तर मध्यभागी २५२ दिसेल आणि ओळीची बेरीज १०२४ होईल. वर्गाला गप्प करणारे ते दोन आकडे हेच.

सहाव्या ओळीपाशी थोडे थांबू या. ती अशी आहे: १, ६, १५, २०, १५, ६, १. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (शके १०७२, म्हणजे इ. स. ११५०) एक गोड उदाहरण आहे. गोड, तिखट, तुरट, आंबट, खारट आणि कडू या सहा रसांपैकी एक, दोन, तीन असे घेऊन किती निरनिराळ्या चवी तयार होतील? उत्तरे ६, १५, २०, १५, ६, १, एकूण ६३. एकही रस न घेतलेला प्रकार मिळवला, की ६४ झाले. प्रत्येक रस घ्यायचा किंवा टाकायचा, म्हणजे पुन्हा छापा किंवा काटाच.

आता शिक्षकांना विनंती. आपल्या शाळांच्या वर्गांत साठ-पासष्ट मुले असणे नवीन नाही. एरवी तो शाप. येथे वरदान समजा! ६४ मुलांनी प्रत्येकी सहा वेळा नाणे उडवायचे आणि फक्त छाप्यांची संख्या सांगायची. अपेक्षा अशी, की सरासरीने एका मुलाला शून्य, सहा मुलांना एक, पंधरांना दोन, विसांना तीन, पुढे पुन्हा पंधरा, सहा आणि एक. प्रत्यक्षात हे आकडे जसेच्या तसे येणार नाहीत. वीसच्या जागी सतरा येतील किंवा तेवीस येतील. ते तसे येणे हाच धड्याचा गाभा आहे. बरोबर वीस आले नाहीत म्हणून प्रयोग चुकला असे कृपा करून म्हणू नका. प्रयोगशाळेत 'अपेक्षित' उत्तर यावे म्हणून वाचने दुरुस्त करण्याची जी वाईट खोड विद्यार्थ्यांना लागते, तिचे बी येथेच पेरले जाते.

काही विद्यार्थी नाणे न उडवताच आकडे लिहितील, हे मी धरून चालतो. त्यांना ओळखण्याचीही युक्ती आहे. शंभर फेकी क्रमाने लिहून आणायला सांगा. मनाने लिहिणारा फार वेळ एकच बाजू लिहायला घाबरतो. तीन-चार छापे झाले की त्याचा हात काट्याकडे वळतो. खऱ्या शंभर फेकींत मात्र सलग सहा किंवा अधिक वेळा एकच बाजू पडण्याची शक्यता सुमारे ८० टक्के असते. ज्या यादीत अशी लांब रांग नाही, तिच्याबद्दल संशय घ्यायला हरकत नाही; शिक्षा मात्र करू नये, कारण उरलेल्या २० टक्क्यांत एखादा प्रामाणिक मुलगा असायचाच.

"वेळ कोठे आहे?" असे शिक्षक म्हणतील. अभ्यासक्रम मोठा आहे आणि नाण्यांचा आवाज शेजारच्या वर्गात जातो, या दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. आवाजावर उपाय सोपा आहे, नाणे हातात झेलावे. वेळेबद्दल एवढेच म्हणतो, की ज्याने मेरू स्वतः रचला त्याला बारावीचे सूत्र शिकवायला अर्धा तास पुरतो. सूत्रात दोनच गोष्टी आहेत: असे प्रकार किती, आणि त्यांतील एका प्रकाराचे वजन किती. नाण्याला सर्व प्रकारांचे वजन सारखे असते म्हणून दुसरा भाग डोळ्यांत भरत नाही. फासा घेतला, की तो दिसतो. तीन वेळा फासा टाकून बरोबर एकदा सहा पडायचे असतील, तर सहा कोणत्या फेकीत पडले याचे प्रकार ३. एका प्रकाराचे वजन १/६ गुणिले ५/६ गुणिले ५/६. सर्व मिळून ७५/२१६. यापलीकडे सूत्रात काही नाही.

भौतिकीचा माणूस या नात्याने एक आडवळण घेतो. नाण्याची शक्यता खरोखर निम्मी असते का? नाणे तर न्यूटनच्या नियमांनी फिरते, त्याला आपल्या मेरूशी काय देणे-घेणे? अमेरिकन गणिती पर्सी डायकोनिस (हे गृहस्थ आधी जादूगार होते) आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २००७ साली गणिताने दाखवले, की हाताने उडवलेले नाणे फिरता फिरता थोडे डुलते, आणि म्हणून उडवताना जी बाजू वर होती तीच वर येण्याकडे त्याचा किंचित कल असतो. २०२३ साली संशोधकांच्या एका गटाने ३,५०,७५७ वेळा नाणी उडवून हे तपासले. सुरुवातीची बाजू ५०.८ टक्के वेळा वर आली. तेव्हा उडवण्याआधी नाणे न पाहता मुठीत घोळवा, म्हणजे निम्म्याला बाधा येणार नाही. एवढा सूक्ष्म कल पकडायला साडेतीन लाख फेकी लागल्या, हेही ध्यानात ठेवा. दहा-वीस फेकींतून नाण्याचा स्वभाव सांगता येत नाही.

हाच मुद्दा पुढे नेऊ. दहा फेकींत बरोबर निम्मे छापे येण्याची शक्यता सुमारे २५ टक्के. शंभरांत बरोबर पन्नास येण्याची सुमारे ८ टक्के. हजारांत बरोबर पाचशे येण्याची अवघी अडीच टक्के. फेकी वाढतील तसे 'बरोबर निम्मे' दुर्मिळ होत जाते. पण 'निम्म्याच्या जवळपास' मात्र अधिकाधिक निश्चित होते. छाप्यांचे प्रमाण ४५ ते ५५ टक्क्यांच्या आत असण्याची शक्यता शंभर फेकींत सुमारे ७३ टक्के असते आणि हजार फेकींत ९९ टक्क्यांहून अधिक. दक्षिण आफ्रिकेत गणित शिकवणारे जॉन केरिच दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये अडकले आणि स्थानबद्धतेत राहिले. तेथे वेळ घालवण्यासाठी त्यांनी १०,००० वेळा नाणे उडवले. छापे पडले ५,०६७. ते निम्म्यापासून ६७ ने दूर आहेत, तरी प्रमाणात एक टक्काही फरक नाही.

विचलन किती अपेक्षित धरावे, यासाठी एक हिशेब आहे. फेकींची संख्या, घटनेची शक्यता आणि ती न घडण्याची शक्यता यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढायचे. यालाच प्रमाण विचलन म्हणतात. शंभर फेकींना ते ५ येते, दहा हजारांना ५०. त्याच्या दुपटीपर्यंत इकडेतिकडे होणे नित्याचे समजावे. पाचपट झाले तर नाण्याकडे किंवा उडवणाऱ्याकडे नीट पाहावे.

आता त्या किमतीविषयी. मूल जन्माला येताना मुलगा की मुलगी हे पित्याकडून एक्स गुणसूत्र आले की वाय, यावर ठरते. ती निसर्गाची नाणेफेक आहे आणि तिचा दोष आईच्या पदरात घालण्याला विज्ञानात काडीचा आधार नाही. आपल्या घराघरांत मात्र काय बोलले जाते? "तीन मुली झाल्या, आता चौथा मुलगाच." नाण्याला मागच्या फेकी आठवत नाहीत, चौथ्या खेपेला शक्यता पुन्हा निम्मीच. मेरूची चौथी ओळ पाहा: १, ४, ६, ४, १. चार अपत्यांत दोन मुले-दोन मुली असण्याची शक्यता ६/१६. आणि एका बाजूला तीन व दुसऱ्या बाजूला एक असण्याची ८/१६. 'समतोल' कुटुंबापेक्षा तीन-एक असे कुटुंबच अधिक वेळा दिसणार! त्यात ना कोणाचा शाप, ना कोणाचा नवस.

या अज्ञानावर काहींची पोटे भरतात. मुलगा होण्याचे औषध देणारे महाराज आणि वैदू तुम्हीही ऐकून असाल. समजा, औषध म्हणजे निव्वळ राख आहे. तरी दहा गिऱ्हाइकांपैकी सात किंवा अधिक जणांना मुलगा होण्याची शक्यता किती? दहाव्या ओळीतील १२०, ४५, १० आणि १ मिळवा: १७६/१०२४, म्हणजे जवळजवळ सहांत एक. असे साठ वैदू असतील, तर सुमारे दहा जण छातीवर हात ठेवून "दहांत सात" म्हणू शकतील, आणि ते खोटेही बोलत नसतील. उरलेल्या पन्नासांचे नाव तुमच्या कानावर येणारच नाही. "मुलगी झाली तर पैसे परत" ही तर त्याहून नामी योजना. निम्म्या गिऱ्हाइकांचे पैसे राखेच्या बदल्यात खिशात राहतात.

जन्मांचा हा हिशेब तीनशे वर्षांपूर्वी डॉ. जॉन आर्बथनॉट या इंग्लंडच्या राणीच्या वैद्याने मांडला. लंडनच्या १६२९ ते १७१० या ८२ वर्षांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदींत एकाही वर्षी मुली मुलांपेक्षा अधिक नव्हत्या. शक्यता निम्मी असती, तर हे घडायला २ चा ८२ वा घात केल्यावर येणाऱ्या पंचवीस अंकी संख्येत एक इतकीच संधी होती. आर्बथनॉटने यात परमेश्वराची योजना पाहिली. आपण एवढेच म्हणू, की हे नाणे पुरते समतोल नाही: नैसर्गिकरीत्या दर १०० मुलींमागे सुमारे १०५ मुलगे जन्मतात, म्हणजे हजार मुलांमागे सुमारे ९५२ मुली.

हा आकडा हाताशी धरून आपल्या राज्याकडे पाहू. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. १९९१ साली त्या ९४६ होत्या. मुलगा होईपर्यंत थांबायचे नाही, या हट्टाने एवढा फरक पडत नाही. पहिल्या खेपेला मुलगे-मुली नैसर्गिक प्रमाणात. ज्यांना मुली झाल्या त्यांच्या दुसऱ्या खेपेलाही पुन्हा तेच प्रमाण. प्रत्येक फेरीत प्रमाण तेच, म्हणून बेरजेतही तेच. मग हा योगायोग असेल का? फक्त एक लाख बालके धरा. नैसर्गिक प्रमाणात त्यांत सुमारे ४८,७८० मुली हव्यात. ८९४ च्या हिशेबाने होतात ४७,२०२. तूट सुमारे १,५८०. प्रमाण विचलन मात्र १५८. तूट त्याच्या दहापट! आणि राज्यातील त्या वयाची बालके लाख नव्हेत, एक कोटीहून अधिक होती. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला आणि केंद्राने १९९४ साली. तरीही हे घडले.

मात्र हेच गणित दुसऱ्या बाजूनेही चालते, आणि ते सांगितल्याशिवाय लेख संपवणे अन्यायाचे होईल. एखाद्या लहान गावात वर्षाला ४० जन्म झाले आणि त्यांत १६ मुली निघाल्या, तर वर्तमानपत्रात मथळा येईल, "हजारी अवघ्या ६६७ मुली!" गावाची नाचक्की होईल. हिशेब करून पाहा. अपेक्षित मुली साडेएकोणीस, प्रमाण विचलन तीनाहून थोडे अधिक. सोळा किंवा त्याहून कमी मुली होण्याची शक्यता, कोणीही काहीही गैर केलेले नसताना, सुमारे १७ टक्के आहे; सहा गावांत एका गावी असे एखाद्या वर्षी होणारच. त्या गावाकडे बोट दाखवण्याआधी त्याच्या मागच्या दहा वर्षांच्या नोंदी ग्रामपंचायतीतून मिळवा, त्यांची बेरीज करा आणि मग वर्गमूळ काढा.